आई, ‘ये’ म्हण

आमच्या ऑफिसात हल्ली ज्याला त्याला ओसीडी, म्हणजे मंत्रचळाचा आजार, असतो. परवा एक मुलगी टेबलावरची पेनं रंगांप्रमाणे लावत होती आणि शेजारच्याला सांगत होती, “मला ना, असं मेसी काही चालतच नाही. आय ॲम सो ओसीडी, यार.” शेजारचा म्हणाला, “सेम!” मग दोघं कॉफी प्यायला गेले. पेनं अर्धी लावलेली तशीच राहिली. मी मनात म्हटलं, बाई गं, तुला खरंच असता तर तू कॉफीला गेली नसतीस. तू अजून इथेच उभी असतीस, घामाघूम होऊन, आणि तुझी आईही तुझ्या शेजारी उभी असती.

आईचं मी उगाच म्हटलेलं नाही. हा आजार एका माणसाला होतो असं डॉक्टर लोक म्हणतात. आमच्या घरी तो झाला मला एकटीला, पण केला आम्ही दोघींनी मिळून.

आम्ही राहायचो पुण्यात गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या इतक्या जवळ की वारा फिरला की घरभर कांद्याचा वास. तिसरा मजला, पुढे गॅलरी, गॅलरीत आईचं कढीपत्त्याचं झाड. बाबा सरकारी कचेरीत नोकरीला. घर बौद्ध, आणि नुसतं दाखल्यावर नाही. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव नदीत सोडले होते. बाबांच्या वाट्याला सोडायला देव उरले नव्हते, म्हणून ते दिसेल ती अंधश्रद्धा सोडत सुटले. मांजर आडवं गेलं की हे मुद्दाम त्याच वाटेने जाणार. आमचा फ्रीज त्यांनी अमावास्येला आणला. दुकानदार बिचारा म्हणाला, “साहेब, आज अमावास्या आहे.” बाबा म्हणाले, “म्हणूनच आलोय. गर्दी नसते.”

आता अशा घरातल्या पोरीला काय व्हावं, तर हे.

आपल्याकडे घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतात. निघणारी म्हणते ‘येते’, घरातली म्हणते ‘ये’, आणि मग दार लागतं. चुकून एखादं पोर ‘जातो’ म्हणालं की घरातली बाई दचकते, “जातो म्हणू नये रे, येतो म्हण.” आमच्याकडेही हेच होतं, आणि बाबांना ते चालायचं. मी एकदा त्यांना विचारलं, ही अंधश्रद्धा नाही का? ते म्हणाले, “हा शिष्टाचार आहे.” एवढा हुशार माणूस. मांजर पकडलं, अमावास्या पकडली, लिंबू-मिरच्या पकडल्या, आणि व्याकरणात लपून बसलेली एक मात्र त्यांच्या हातून सुटली. ती नेमकी माझ्या मानगुटीवर बसली.

मला नोकरी लागून काही महिने झाले होते. शतक संपत आलं होतं आणि जुन्या कंप्युटरांमध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले असल्यामुळे, नवीन साल उजाडलं की ते सगळे गोंधळणार, बँका बंद पडणार, विमानं पडणार, अशी हाकाटी चालली होती. परदेशातल्या कंपन्यांचे असले जुने प्रोग्रॅम तपासायचं काम आमच्या कंपनीकडे यायचं. मी टेस्टर. दिवसभर तारखा घालायच्या, काय होतं ते बघायचं, परत घालायच्या, परत बघायचं. आमचा टीम लीड मागून जाता जाता म्हणायचा, “शुअर ना? वन मोअर टाइम बघ.” अख्ख्या जगाला धडकी भरली होती आणि त्या धडकीचा पगार मला मिळत होता. मला ही नोकरी फार आवडायची, हे आता सांगायला हरकत नाही.

तर एका सकाळी डब्यात दोडक्याची भाजी होती. लागोपाठ दुसऱ्या दिवशी दोडका. मी आईवर भडकले, डबा उचलला आणि “जाते मी” म्हणून दार आपटून निघाले. आईने मागून हाक मारली, “अगं, येते म्हण!” मी वळलेसुद्धा नाही. त्याच दुपारी बाबा स्कूटरवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा पायाला प्लॅस्टर घालून झालं होतं. मी रडत रडत त्यांना सांगितलं, बाबा, मी सकाळी ‘जाते’ म्हणाले होते. त्यांना आधी कळेचना. कळल्यावर ते प्लॅस्टरसकट उठून बसायला लागले. “मी पडलो ते खड्ड्यामुळे,” ते म्हणाले. “तुझ्या क्रियापदामुळे नाही.” शेजारच्या खाटेवरचा पेशंट हसला. मीही हसले. मला पटलं होतं अगदी.

पटलं, पण दुसऱ्या दिवशी निघताना मी जरा जपून ‘येते’ म्हणाले. आई म्हणाली, “ये.” मी जिना उतरले. खाली आल्यावर मनात आलं, ती ‘ये’ म्हणाली की नुसतं ‘हं’ म्हणाली? एवढ्यासाठी कुणी तीन मजले चढतं का? मी चढले. आई म्हणाली, “काय विसरलीस?” मी म्हटलं, “ये म्हण.” ती हसून म्हणाली, “ये गं बाई, ये.” छातीवरची धोंड उतरली म्हणतात ना, तसं झालं. ते सुख मी शब्दांत सांगू शकत नाही. तिथेच सगळा घात झाला.

मग नियम यायला लागले. हे नियम कोण करतं, मला अजून कळलेलं नाही. पण ते कडक असतात. ‘ये’ म्हणताना आईने माझ्याकडे बघितलं पाहिजे. तिच्या हातात काही नको. मधे कुणी शिंकलं तर ते बाद. कुकरची शिट्टी आणि ‘ये’ एकदम झाले तर तेही धरायचं नाही. त्यामुळे माझी निघायची वेळ झाली की आई गॅस बंद करायची, हात पुसायची, दारात येऊन उभी राहायची आणि माझ्या डोळ्यांत बघून ‘ये’ म्हणायची. मग गॅलरीत जाऊन पुन्हा एकदा म्हणायची, कारण जिन्यात पहिलं ‘ये’ विरून जायचं. बाबांना वाटायचं, मायलेकींचं प्रेम. ते पेपर वाचत बसायचे. कंपनीची बस स्वारगेटहून सुटायची आणि ती माझी वाट बघायची नाही, त्यामुळे महिन्यातून कितीतरी वेळा मी रिक्षावाल्यांच्या हातापाया पडायचे. स्वारगेटचा रिक्षावाला कधी हातापाया पडून आलाय का? जाऊ दे.

आता कुणी म्हणेल, एवढी शिकलेली बाई, तुला कळत नव्हतं? न कळायला काय झालं! एका शब्दाने माणूस मरत नाही, हे मला बाबांपेक्षा चांगलं कळत होतं. ते त्यांना नुसतं माहीत होतं, मी त्यावर रोज डोकं फोडत होते. पण डोक्यात एक बारीक आवाज यायचा: शुअर ना? आणि तो आला की पोटात गोळा. डोळ्यांपुढे चित्रं यायची, आईच्या पदराला आग लागलीय, गॅलरीचा कठडा तुटलाय, खाली गर्दी जमलीय. चित्रं इतकी स्पष्ट, की ती मनाने केलीत असं वाटायचंच नाही. ‘ये’ ऐकलं की सगळं पुसलं जायचं. थोड्या वेळाने परत.

शेजारीपाजारी माझं कौतुक करायचे. “किती काळजी करते हो पोरगी आईची!” मला ते ऐकून बरं वाटायचं. आपल्या भाषेत ही मोठी सोय आहे. पोटातल्या गोळ्यालाही काळजी म्हणतात आणि प्रेमालाही काळजीच म्हणतात. मला आजार झालाय की मी गुणी आहे, हे कुणाला ठरवताच येईना.

ऑफिसात माझ्या टेबलावर फोन बसवल्यावर तर विचारायलाच नको. मी पोचल्यावर आईला फोन करायचे. पोचले म्हणायचं आणि मग हळूच, “आई, ये म्हण.” “ये.” “अशी नाही, नीट.” “ये गं माझे आई, ये!” टीम लीडला वाटायचं, मी क्लायंटशी फार नम्रपणे बोलते. जेवायच्या सुट्टीत एक फोन, चहाला एक. म्हणजे त्या वेळी आई घरात हवी. ती आधी सकाळची भाजी आणायला जायची बंद झाली. मग दुपारची विहारात वंदनेला जायची बंद झाली. मग तिच्या बहिणीच्या घरी जाऊन राहणं बंद झालं. बायका चौकशी करायच्या तर म्हणायची, गुडघा दुखतो.

विहाराच्या महिला मंडळाची बस हिवाळ्यात बुद्धगयेला जायची. दोन आठवड्यांची यात्रा. नागपूर, सारनाथ, गया, सगळं. लग्न झाल्यापासून आईला तिथे जायचं होतं. आधी सासू, मग आम्ही, मग बाबांचा पाय. बाबांचा पाय बरा झाला, वर्ष गेलं, आणि ह्या खेपेस ती जाणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मंडळाच्या पुढारी म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. त्या बोलावायला आल्या, तर आई म्हणाली, “नको बाई, गुडघा दुखतो माझा. पुढच्या वर्षी बघू.” मी आत ऐकत होते. खरं सांगते, मला हायसं वाटलं. आणि बस तिच्याशिवाय गेली.

काकू परत आल्यावर एका सकाळी मी नेहमीसारखी जिना चढत होते, ‘ये’ परत घ्यायला. त्या खाली उतरत होत्या. त्या बाजूला झाल्या नाहीत.

“गुडघा दुखत नाही तिचा,” त्या म्हणाल्या. “तू दुखतेस तिला.”

मी तिथेच जिन्यात बसले. मग वर न जाता खाली गेले, आणि तो दिवस कसा काढला ते माझं मला माहीत. दोन वेळा बाथरूममध्ये जाऊन ओकले. पण संध्याकाळी एका मैत्रिणीकडून डॉक्टरचा पत्ता घेतला.

डॉक्टर बाई वयस्कर होत्या, पांढरे केस, आवाज कोरडा. मी अर्धा तास सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही ‘अरेरे’ म्हटलं नाही. मी विचारलं, “मला वेड लागलंय का?” त्या म्हणाल्या, “तो शब्द आमच्या पुस्तकात नाही. पुढे बोला.” मी उरलंसुरलं सांगून टाकलं. मग त्या बोलल्या.

“तुमचं काय होतं बघा. मनात शंका येते. तिच्यामागून भीती. ही भीती मलाही आहे, बाहेर बसलेल्यांनाही आहे, त्यात विशेष काही नाही. पण तुम्ही आईकडून ‘ये’ घेता आणि भीती उतरते. मनाला वाटतं, वा, ‘ये’मुळे वाचलो. मग पुढच्या वेळी ते आधीच ‘ये’ मागतं, आणि जरा जास्त मागतं. भीती आपोआप मोठी झालेली नाही. तुम्ही तिला चारीठाव जेवू घालताय.”

“मग काय करू?”

“उपाशी ठेवा.”

“ती वाढेल ना!”

“वाढेल. खूप वाढेल. मग कंटाळेल. बसू दिलं की भीतीलाही कंटाळा येतो. तुम्ही आजवर तिला बसूच दिलेलं नाही, लगेच वर पळता.”

मी म्हटलं, “पण काही होणार नाही, याची खात्री देता?”

“मुळीच नाही,” त्या म्हणाल्या. “मी आज घरी सुखरूप पोचेन याची मला खात्री नाही. तरी मी वाटेत मेथी घेणार आहे. सगळे असेच जगतात. खात्री कुणालाच मिळत नाही, फक्त तुम्हालाच ती हवीय.”

मला त्यांचा भयंकर राग आला. एवढी ताडताड बोलणारी बाई म्हणे मनाची डॉक्टर! मी जरा दुखावून म्हटलं, “अहो, मी आईची काळजी करते म्हणून होतं हे सगळं.”

“काळजी करता, का घेता?”

“एकच ना?”

“एकच कसं? करायला एकटं माणूस पुरतं. घ्यायची तर समोरच्याला काय हवंय ते विचारावं लागतं. आईला विचारलंत कधी?”

त्या दिवशी मला गोळ्या मिळाल्या आणि एक गृहपाठ मिळाला. गृहपाठ असा, की निघताना ‘जाते’ म्हणायचं, आणि घरच्यांनी ‘ये’ म्हणायचं नाही. सुरुवात परक्यांपासून. शेवटी आई.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, “आई, तुला काय हवंय?” ती पोळ्या लाटत होती. मला वाटलं, ती म्हणेल तू बरी हो, तू सुखी राहा, असलं काहीतरी. लाटणं न थांबवता ती म्हणाली, “मला बुद्धगयेला जायचंय.” एवढंच. तिच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा असं सरळ ‘मला हवंय’ ऐकलं. मी तिच्या पाठीला डोकं टेकून रडले, आणि तिने माझ्या केसांना पीठ लावलं.

बाबांना सांगणं अवघड गेलं. त्यांचा चेहरा पडला. “आपल्या घरात? अंधश्रद्धा?” मी म्हटलं, “अंधश्रद्धा नाही बाबा, आजार आहे.” ते एकदम खुलले. “आजार होय! मग काही हरकत नाही.” आणि त्या घटकेपासून त्यांनी माझा गृहपाठ आपल्या अंगावर घेतला, चळवळ असल्यासारखा.

परक्यांना ‘जाते’ म्हणणं सोपं निघालं. रिक्षातून उतरताना रिक्षावाल्याला म्हटलं, “जाते मी.” तो म्हणाला, “मग काय राहणार होतात का?” टीम लीडला म्हटलं, तर त्याला वाटलं मी नोकरी सोडतेय, आणि त्याने मला बसवून चांगला अर्धा तास समजूत घातली. माझा पोटातला गोळा होताच, पण हसूही येत होतं, आणि दोन्ही एका वेळी होऊ शकतं हे मला नवीनच होतं.

बाबांनी मात्र कहर केला. मी सकाळी दारात उभी राहून कशीबशी “जाते” म्हणायचे, की हे पेपर खाली टाकून गरजायचे, “जा! खुशाल जा! जा, जा, जा!” जिन्यात घुमायचं. चौथ्या मजल्यावरचे लोक डोकावायला लागले. शेवटी एक आजोबा वरून खाली आले आणि बाबांना म्हणाले, “साहेब, तरण्याताठ्या पोरीला असं घालवून देऊ नये. काही झालं असेल तर बसून मिटवा.” बाबांनी त्यांना आत बोलावून ओसीडी समजावून सांगितला. आजोबा चहा प्यायले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते ठीक आहे, पण घालवून देऊ नका.”

राहिली आई. तिला गप्प बसायचं होतं. मी ‘जाते’ म्हणायचं आणि तिने ‘ये’ म्हणायचं नाही, इतकंच. पहिल्या दिवशी मी म्हणाले. ती गप्प बसली. मी जिना उतरले, रस्त्यावर आले, आणि वरून आवाज आला, “ये गं!” गॅलरीत उभी, कढीपत्त्यामागे अर्धी लपून. दुसऱ्या दिवशी तेच. मी चिडले, “आई, तुला नाही म्हणायचंय!” तर ती माझ्यावर उखडली. “तुझ्या डॉक्टरणीला काय जातंय? माझ्या पोटचं पोर आहे ते. मला नाही करमत म्हटल्याशिवाय. बस उलटली म्हणजे?”

बस उलटली म्हणजे. माझ्या डोक्यातलं वाक्य जसंच्या तसं आईच्या तोंडी. इतके दिवस मला वाटत होतं, ती माझ्यासाठी ‘ये’ म्हणते.

मग दोघी जायला लागलो डॉक्टरांकडे. डॉक्टर आईशीही तितक्याच कोरडेपणाने बोलल्या. “तुम्ही मुलीचं औषध झाला आहात. औषध कपाटात राहतं, यात्रेला जात नाही. काय करायचं ते ठरवा.” आई घरी येऊन स्वयंपाकाला लागली. जेवताना बाबांना म्हणाली, “यंदा माझं नाव घालायला सांगा हो.” ते जेवण टाकून उठले आणि खरकट्या हातानेच काकूंच्या दारावर थाप मारून आले.

थंडी पडली, बस ठरली. तोवर मी बरी झाले होते असं नाही. फोन बंद झाले होते, जिना चढणं बरंचसं बंद झालं होतं, पण ते सगळं आई घरात असताना. ती स्वतः लांब जाणार, मला उद्या पोचली की नाही हे कळणारसुद्धा नाही, हे माझ्या अभ्यासात आलंच नव्हतं. आदल्या आठवड्यात मला जेवण जाईना. आई बॅग भरायची आणि माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, “बघू नकोस, भर.” तिने एकदाही ‘राहू दे का’ विचारलं नाही. विचारलं असतं तर मी ‘राहू दे’ म्हटलं असतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

सकाळी सातला स्वारगेटच्या कोपऱ्यावर बस उभी होती. पांढऱ्या साड्या, स्वेटर, चिवड्याचे डबे, सगळ्या बायका एकदम बोलत होत्या. एकेक बाई पायरी चढताना नवऱ्याला, सुनेला म्हणत होती, “येते हं.” खालून “या, या.” मी बाबांच्या शेजारी ओठ दाबून उभी. मी काही मागायचं नाही असं ठरलं होतं. आई पायरीवर चढली, दांडा धरून मागे वळली. माझ्याकडे बघितलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “जाते.”

“अगं बाई!” काकू ओरडल्या. “काय बोलतेस हे! यात्रेला निघताना!”

“जा! खुशाल जा!” बाबा ओरडले.

बस निघाली. आणि पन्नास पावलांवर जाऊन अडकली. मार्केट यार्डाकडे निघालेला फ्लॉवरचा टेंपो चौकात आडवा बंद पडला होता, त्याच्यामागे सगळी वाहतूक तुंबली. आम्ही दोघं मागोमाग चालत गेलो, तर आईची खिडकी माझ्या समोर. काच उघडी. मला तिचा चष्मा दिसत होता. माझ्या डोळ्यांपुढे तोच चष्मा कुठल्याशा घाटात रस्त्यावर पडलेला दिसायला लागला. काय करायचं होतं मला? चार पावलं टाकायची, खिडकीखाली उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘येते’ म्हण. बाकीच्या सगळ्या जणी म्हणाल्याच होत्या की! त्यात आजार कसला? माझा पाय उचललासुद्धा.

आईने बघितलं. तिचे ओठ हलायला लागले. तो चेहरा मला पाठ आहे, गॅलरीतला चेहरा. ती म्हणणारच होती. आणि तिने हात वर केला आणि खिडकीचा पडदा सरकन ओढून घेतला.

माझ्या तोंडावर पडदा! जन्मदात्या आईने! मला इतका संताप आला की मी बाबांवर ओरडले, “बघितलंत? बघितलंत काय केलं तिने?” बाबा म्हणाले, “चहा घेतेस?” मी म्हटलं, “मला नकोय चहा!” आणि गाडीवर जाऊन दोन सांगितले. पडद्याकडे बघत बघत मी तो प्यायले. टेंपो काही हलेना. मी बाबांशी भांडत होते, आई कशी हट्टी आहे, पहिल्यापासून कशी हट्टी आहे. भीती होती, कुठे गेली नव्हती. पण भांडण ऐन रंगात आलं होतं आणि तिच्याकडे बघायला मला सवड नव्हती. बस हलली तेव्हा मी दुसरा चहा पीत होते.

ते दोन आठवडे चांगले गेले असं मी म्हणणार नाही. नागपूरहून आईचा फोन आला तो बाबांनी घेतला. मी शेजारी हात पुढे करून उभी. बाबा म्हणाले, “तिला देऊ का?” मग ऐकत राहिले आणि फोन ठेवला. “नको म्हणाली,” ते म्हणाले. “जेवतेस का विचारत होती. मी सांगितलं, वादावादी करण्याइतपत जेवते.” मी उशीत तोंड खुपसून रडले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. पुढे बरीच वर्षं मला गोळ्या लागल्या, आणि आजही कुणी घाईत ‘जातो’ म्हणालं की माझ्या पोटात बारीक कळ येते. येऊ दे.

बस परत आली तीही सकाळीच. बायका उतरत होत्या. आई उतरली ती काळी पडलेली, केस विस्कटलेले, कुणाला तरी कसलीशी गोष्ट सांगत, हातवारे करत, मोठ्याने हसत. माझ्यासमोरून दोन पावलं पुढे गेली. मी तिला दिसलेच नाही. मी “आई” म्हटलं तेव्हा ती वळली. “अगं, तू? ऑफिस नाही का आज?”

मी तिची बॅग घेतली. तिला मिठी मारावी की भांडावं, मला कळेना. मी भांडले.

“पडदा का ओढलास तेव्हा?”

“ऊन येत होतं डोळ्यांवर.”

सकाळी सात वाजता, हिवाळ्यात, आणि सूर्य बसच्या दुसऱ्या बाजूला.

“ऊन कसलं!” मागून काकू म्हणाल्या. “वाघोली येईस्तोवर, चांगला तासभर, हमसून हमसून रडत होती ही बाई.”

“वाघोलीपर्यंतच,” आई म्हणाली. “पुढे मला छान झोप लागली.”